पत्र्याखालचा धूर

आमच्या घराची कौलं माकडांनी घालवली, हे मी आजही कोणालाही ठणकावून सांगते. पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागून मधेच आत वळलं की आमची वाडी येते. तिथं माकडांच्या टोळ्या एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारत फिरतात आणि दर फेरीत चार-दोन कौलं फोडून जातात. पावसाच्या आधी वर चढून कौलं परतायला माणसं मिळेनाशी झाली. चढणारे सगळे मुंबईला लिफ्टनं चढउतार करतात. शेवटी तीन वर्षांपूर्वी आम्ही अख्खं छप्पर उतरवलं आणि पत्रे घातले. वाडीतल्या निम्म्या घरांनी तेच केलंय.

पत्रे घातल्यावर भिंतीचा माथा आणि पत्रा यांच्यामधे सगळीकडून चार बोटांची फट राहिली. गवंडी ती तशीच सोडून निघाला होता. मी त्याला परत बोलावलं. मी महाडची, चवदार तळ्याजवळच्या गल्लीत वाढलेले. लग्न होऊन या डोंगरात आले तेव्हा पहिल्याच श्रावणात धुकं दारातून सरळ आत येऊन चहाच्या कपाशेजारी बसलेलं मी पाहिलंय. इथं पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, उशीला येते, माझ्या शाळेच्या हजेरीपत्रकालाही येते. आता नवं छप्पर झालंय तर निदान वरून तरी ओल येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. गवंडी म्हणाला, "बाई, थोडी राहू द्या. घर कोंडेल." मी म्हटलं, "तुम्ही माल भरा. कोंडायचं-बिंडायचं मी बघते." त्यानं निमूटपणे सगळ्या फटी सिमेंटनं लिंपून टाकल्या.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. पावसाळा आला की पश्चिमेच्या पडवीला निळा प्लास्टिकचा कागद बांधायचा, तोही मी दुहेरी केला. खिडक्यांच्या कडांना जुन्या पोत्यांच्या पट्ट्या ठोकल्या. नवरा म्हणाला, "पाणबुडी करतेस काय घराची?" तो रोज एस्टीनं महाडला कचेरीत जातो, संध्याकाळी येतो, त्याला मधल्या दिवसाचं काय कळणार, असं म्हणून मी त्याला गप्प केलं.

आणि मी शाळेत विज्ञान शिकवते, हे सांगायलाच हवं. फळ्यावर दर वर्षी फुफ्फुसं काढते. दोन्ही बाजू सारख्या येतात माझ्या.

सासूबाईंचा खोकला त्याच वर्षी सुरू झाला. पहिल्या पावसाळ्यात आम्ही कोणी लक्षच दिलं नाही. पावसात कोण खोकत नाही? दुसऱ्या वर्षी तो दिवाळीपर्यंत राहिला. तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या पावसाळ्यात, नाचणी लावताना त्या बांधावर बसल्या आणि लवकर उठल्याच नाहीत. साठी ओलांडली तरी लावणीत त्यांच्यापुढं मी कधी गेलेले नाही. त्या छातीला हात लावून बसल्यात आणि मी चिखलात उभी राहून त्यांच्याकडे बघतेय, हे मला सहनच झालं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकली आणि त्यांना महाडला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्यांना एका प्लास्टिकच्या नळीत जोरात फुंकायला सांगितलं. नळीवर एक छोटा काटा होता, तो जेमतेम सरकला. सासूबाईंना अपमान वाटला. "चूल फुकून फुकून जन्म गेला माझा, आन हा काटा हलत नाय?" त्या म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "चूल कुठे आहे? झोपता कुठे? धूर बाहेर कसा जातो?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी पटापट दिली. धूर बाहेर कसा जातो? तो जातोच, असं मी धरून चालले होते.

डॉक्टरांनी पंपानं तोंडात ओढायचं औषध दिलं आणि सांगितलं, की धुरापासून लांब ठेवा; जमत नसेल तर पाऊस संपेपर्यंत दुसरीकडे कुठे तरी राहू द्या. ही शेवटची ओळ नवऱ्यानं त्याच दिवशी फोनवर बहिणीला सांगितली. माझी नणंद पनवेलला चौथ्या मजल्यावर राहते. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे ना धूर ना चिखल. गौरी-गणपती झाले की रविवारी येते आणि आईला घेऊन जाते." नुसतं पाऊस संपेपर्यंत नाही हां. पुढचंही बघू, म्हणाल्या.

मला काय झालं ते स्पष्टच लिहिते. मुलगी शिकायला बाहेरगावी, नवरा दिवसभर महाडात. शाळेतून आल्यावर मी ज्या बाईशी भांडते, जिच्या हातची नाचणीची भाकरी खाते, जी माझ्या प्रत्येक वाक्याला उलटं वाक्य टाकते, ती या घरात नसणार? एकोणीस वर्षं आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात आहोत. आणि त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "चौथ्या मजल्यावर मी काय करू गो? खाली बघू?" गणपतीला महिना होता. तेवढ्यात घरातला धूर काढायचा आणि त्यांना इथंच ठेवायचं, असं मी ठरवलं.

पहिला उपाय मला फार सोपा वाटला होता. चूल बंद. गॅस आहे घरात, तो चहापुरता का वापरायचा? सासूबाई हो म्हणाल्या. इतक्या लगेच हो म्हणाल्या तेव्हाच मला संशय यायला हवा होता. चौथ्या दिवशी शाळा लवकर सुटली, घरी येऊन चुलीतल्या राखेवर हात धरला तर राख गरम. मी खूप बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग मला हाताला धरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेलं. भिंतीला ओल चढली होती. पाटा-वरवंट्यामागं पांढरी बुरशी धरली होती. आढ्याला टांगलेली मक्याची बियाण्याची कणसं हाताला गार आणि ओलसर लागत होती. "तीन दिस चूल नाय पेटली तर ह्ये. म्हनून आज पेटवली," त्या म्हणाल्या. "चूल नुस्ती भाकरीसाठी नसती. घर सुकवती ती."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण मी कणसंच चाचपत राहिले. बाई बरोबर बोलत होत्या. कोकणातल्या डोंगरात चार महिने एका घरातलं पाणी कोण बाहेर काढतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. म्हणजे विस्तव घरात हवा आणि धूर घरात नको. आता हे कसं जमवायचं?

नवऱ्यानं महाडहून पंखा आणला, हवा बाहेर फेकणारा. मोठ्या कौतुकानं तो पश्चिमेच्या खिडकीत बसवला, कारण तिथं वायर जवळ होती. पंखा सुरू केला की खिडकीजवळचा धूर जायचा, वरचा तसाच लोंबकळत राहायचा. वीज गेली, म्हणजे आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून दोनदा, की बाहेरच्या वाऱ्यानं तो उलटा फिरायचा आणि पावसाचे तुषार थेट पिठाच्या डब्यावर. सासूबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "मुंबयवाला दिसतोय. लाईट गेली की काम बंद." नवऱ्याला हसू आवरेना.

मग मी तेच केलं जे वर्गात मुलांना करायला सांगते. आधी बघा, मग बोला. देवघरातली उदबत्ती घेतली, पेटवली आणि घरभर फिरले. उदबत्तीचा धूर जिकडे वळेल तिकडे वारा जातोय, इतकं साधं. ओटीवर धूर आत वळला. ठीक. माजघरात आले, जिथं सासूबाई झोपतात, तिथं धूर दोरीसारखा सरळ वर गेला आणि पत्र्यापाशी पसरून तिथंच थांबला. हवा अजिबात हलत नव्हती. स्वयंपाकघरात गेले, चूल पेटलेली होती, मागचं दार उघडं होतं. मला वाटलं होतं धूर दाराकडे जाईल. तो दाराकडून माझ्या तोंडावर आला. वारा पश्चिमेचा, दार पश्चिमेचं. दार उघडून आम्ही इतकी वर्षं धूर बाहेर काढत नव्हतो, आत ढकलत होतो.

सासूबाई उंबऱ्यावर बसून हे सगळं बघत होत्या. "आज काय हाय गो? घरभर उदबत्ती दावतेस ती?" मी म्हटलं, "वारा शोधतेय." त्या म्हणाल्या, "वारा घरात शोधतात होय?" पण दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा त्या स्वतः उदबत्ती घेऊन न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या आणि मला सांगायला लागल्या, की सकाळी इकडे जातो आणि दुपारी तिकडे. त्यांनाही नाद लागला होता. आठ दिवस आम्ही दोघींनी घरात नुसता वारा बघितला. कुठलं दार उघडलं की कुठल्या खोलीत काय होतं, याच्यावर जेवताना चर्चा. माझ्याच घरात एवढ्या गोष्टी मला ठाऊक नव्हत्या याचं मला नवल वाटत होतं, आणि खरं सांगते, मजाही येत होती.

एका दुपारी माझ्या मनात आलं, माजघरात उदबत्तीचा धूर वर जाऊन थांबतो, पण तिथं तर चूल नाही. मग रोज तिथं डोळे का चुरचुरतात? मी शिडी लावली आणि वर चढले. आमच्या घरात मधल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत. जुन्या घरांत सगळीकडे असंच असतं, वरून घर एकच. कौलं होती तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. बॅटरी मारली. पत्रे तीन वर्षांचे, नवेच म्हणायचे. चुलीच्या वर काळे, ते समजण्यासारखं. पण ती काजळी तिथं थांबली नव्हती. मधल्या भिंतीच्या माथ्यावरून ओलांडून ती माजघराच्या बाजूला उतरली होती, आणि सगळ्यात दाट होती ती नेमकी सासूबाईंच्या कॉटच्या वर. मी बोट लावलं. बोट पेरापर्यंत काळं झालं. मग मी बाहेरच्या भिंतीच्या माथ्याकडे बघितलं. तिथं माझं सिमेंट होतं. एकही फट नाही. गवंड्यानं काम चोख केलं होतं.

मी शिडीवरच बसले. तीन वर्षं ही बाई माझ्या सिमेंटखाली झोपत होती. कौलाकौलांमधल्या बारीक चिरांतून धूर आपोआप झिरपून जायचा, म्हणून या घराला धुराडं कधी लागलंच नाही. माकडांमुळे कौलं गेली. उरल्यासुरल्या फटी मी बुजवल्या. वर्गात मी सांगते, गरम हवा हलकी, ती वर जाते. पण वर गेल्यावर पुढं कुठं जाते, हे मी मुलांना कधी सांगितलं नव्हतं आणि स्वतःलाही विचारलं नव्हतं. मला स्वतःचा इतका संताप आला, की खाली उतरून मी पहिल्यांदा पडवीचा निळा कागद फाडून काढला. त्याची तशी गरज नव्हती.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. लपवून काय करणार, बोट काळंच होतं. मला वाटलं त्या बोलतील, आणि त्यांनी बोलावं असं वाटतही होतं. त्या माझं बोट बघून म्हणाल्या, "माझ्या माहेरी, वरंधच्या बाजूला, चुलीवरचं एक कौल विटकरीवर उचललेलं असायचं. चार महिने तसंच. पाऊस नाय यायचा आत, धूर तेवढा जायचा." मी म्हटलं, "आई, हे आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "पत्र्याला कौल कुठून आणू? आन तू शिकवतेस पोरांना. मला वाटलं तुला ठाव असंल."

गवंड्याला फोन केला. तो आला, वर बघितलं, आणि "मी सांगितलं होतं" हे वाक्य त्यानं गिळलं ते मला दिसलं. त्याबद्दल मी त्याला दोनदा चहा दिला. पावसात छप्पर उघडायला तो तयार नव्हता. पण गणपतीच्या आठवडाभर आधी तीन दिवस उघडीप मिळाली. पूर्वेच्या भिंतीवरचं सगळं सिमेंट त्यानं छिन्नीनं काढलं आणि फटीला बारीक जाळी मारली, साप-उंदीर येऊ नयेत म्हणून. स्वयंपाकघराच्या मधोमध, आढ्यापाशी, पत्र्याला खिडकीएवढं भोक पाडलं आणि त्यावर वीतभर उंच पायांवर दुसरा पत्रा टोपीसारखा बसवला. सासूबाई खालून हुकूम सोडत होत्या. "थोडा आनखी उचल. वाऱ्याकडं तोंड नको करूस रे." मधल्या भिंतीचा वरचा भाग आम्ही विटांनी छपरापर्यंत नेला, म्हणजे धुराला माजघराची वाटच बंद. माजघराला पूर्वेच्या फटीतून स्वतःची हवा मिळाली. चूल पश्चिमेच्या दारापासून सरकवून टोपीखाली घेतली.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी चूल पेटवली आणि आम्ही तिघं अंगणात जाऊन उभे राहिलो. छपराच्या टोपीखालून धूर निघाला, बारीक, मग भरभक्कम. शेजारचे धावत आले, त्यांना वाटलं घर पेटलं. सासूबाई बराच वेळ मान वर करून उभ्या होत्या. नवरा उदबत्ती घेऊन आत गेला, हा माणूस, ज्यानं तोवर तिला एकदाही हात लावला नव्हता, आणि माजघरातून ओरडून सांगायला लागला की धूर हलतोय.

पंधरा दिवसांत खोकला निम्म्यावर आला. गेला नाही, पण सकाळी उठल्यावर त्यांना भिंत धरावी लागत नव्हती. डॉक्टरांकडे परत नेलं, नळी फुंकवली, काटा बऱ्यापैकी वर गेला. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, सुकं लाकूड वापरा, पण आता घरी राहायला माझी हरकत नाही. मला एवढंच हवं होतं. "माझी हरकत नाही," हे शब्द मी महाडपासून पोलादपूरपर्यंत एस्टीत मनात घोळवत आले. ते मी नणंदेला ऐकवणार होते.

गौरी गेल्या, गणपती गेले, आणि रविवारी नणंद आल्या. मी तयारीत होते. चहासुद्धा दिला नाही आधी. त्यांना स्वयंपाकघरात नेलं, टोपी दाखवली, जाळी दाखवली, नव्या विटा दाखवल्या, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. चूल पेटलेली होती आणि कोणाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं, हेही मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी सगळं नीट बघितलं. भिंतीच्या वरच्या विटांना हात लावला. मग चुलीसमोरच्या पाटावर बसल्या.

"छान केलंस वहिनी," त्या म्हणाल्या. "खरंच छान केलंस." आणि मग चुलीकडे बघतच, "पण माझं कारण गेलं."

मला कळलं नाही. मी विचारलं, "कसलं कारण?"

"माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. आई माझ्याकडे दोन रात्रींच्या वर राहिलेली नाही. कधी लावणी, कधी कापणी, कधी गाय व्याली, कधी तुझं बाळंतपण. दर वेळी इथं काहीतरी तिच्याशिवाय अडायचं. मला वाटलं, आता खोकल्यासाठी तरी येईल. चार महिने माझ्या घरात असेल. मी खोली पण लावून ठेवलीय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दिवशी त्याचा दोष धुरावर घालायची सोय मीच ठेवली नव्हती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. त्या आत आल्या, लेकीच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "एवढंच होतं तर खोकल्याला कशाला मधे घेतलंस गो?" त्या म्हणाल्या. "मी आजारी पडायची वाट बघत बसलीस? येते मी. बरी हाय तवाच येते." मग मान वळवून मला म्हणाल्या, "माझी पिशवी भर."

मी माजघरात गेले आणि पिशवी भरायला घेतली. दोन नऊवारी, स्वेटर, ओढायचं औषध, नाचणीचं पीठ. महिनाभर फोनवर नणंदेचा नंबर दिसला की मी भांडायच्या तयारीनंच फोन उचलायचे. घरातला वारा कुठून कुठं जातो ते मी आठ दिवस बघत बसले होते. तुम्हाला आई का हवी आहे, हे त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं.

पिशवी घेऊन बाहेर आले आणि ती नणंदेच्या हातात दिली. "ताई, कापणीला आणून सोडा," मी म्हटलं. कापणीला अजून दीड महिना होता, आणि ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.